उपाय म्हणून निसर्ग : मुळशीच्या तीन संहिता

‘निसर्गाधारित उपाय’ हा शब्दप्रयोग मराठीत आला तो साहित्याच्या दाराने नव्हे. शासकीय अहवाल, नगररचनेवरील परिसंवाद आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्या यांच्या वाटेने आला. जागतिक बँकेच्या २००८ च्या एका प्रकाशनाने तो रूढ केला, आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१६ मध्ये त्याची व्याख्या केली आणि २०२० मध्ये त्याचे मानक ठरवले, मार्च २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेने त्यावर ठराव केला. शहरात पूर येतो, तर काँक्रीटच्या भिंतीऐवजी पाणथळ जागा राखाव्यात; शहर तापते, तर झाडांची सावली वाढवावी; सांडपाणी शुद्ध करायचे, तर वनस्पतींची मुळे कामाला लावावीत, असा या संकल्पनेचा सर्वसाधारण आशय आहे. त्यातील शहाणपणाविषयी वाद नाही. मुठेच्या पात्रात भराव टाकून रस्ता करणाऱ्या शहराला तर हे शहाणपण उशिरा सुचले, एवढेच म्हणावे लागेल.

मात्र शब्दप्रयोगाची म्हणून एक वाक्यरचना असते, आणि वाक्यरचनेत कर्ता कोण, कर्म कोण, करण कोण याचा निर्णय आधीच होऊन गेलेला असतो. ‘उपाय’ म्हटले की ‘समस्या’ गृहीत धरली जाते. आणि ‘निसर्गाधारित उपाय’ या प्रयोगात समस्या नेहमी शहराची असते. निसर्ग तृतीया विभक्तीत उभा असतो, निसर्गाने, निसर्गाकरवी. ज्या भूभागातून हा निसर्ग आणायचा, तेथे राहणाऱ्या माणसांना या वाक्यात कोणतीच विभक्ती मिळत नाही. समीक्षेचा या विषयाशी संबंध येतो तो या ठिकाणी. कोणत्या झाडाने किती उष्णता कमी होते हे सांगणे तिचे काम नव्हे. परंतु ‘निसर्ग’ हे चिन्ह कोणत्या संहितेत काय दर्शवते आणि काय झाकते, याची तपासणी अन्य कोणतेही शास्त्र करणार नाही.

या तपासणीसाठी पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याइतका सोयीचा प्रदेश मराठी भाषेच्या मुलखात दुसरा सापडणे अवघड आहे. शंभर वर्षांच्या अवधीत शहराने या डोंगराळ, अतिवृष्टीच्या मावळपट्ट्याला किमान दोनदा आपल्या अडचणीवरचा तोडगा म्हणून वाचले. एकदा १९२० च्या सुमारास मुंबईने, वीज म्हणून; आणि पुन्हा २००० नंतर, ‘लवासा’ या नावाने, नव्या नगराचा नमुना म्हणून. या दोन वाचनांच्या मध्ये मराठी ललित वाङ्मयाने याच मावळ पट्ट्याचे एक तिसरे वाचन केले. ही तीनही वाचने एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याचा प्रघात आपल्याकडे नाही. पहिले राजकीय इतिहासाकडे जाते, दुसरे वृत्तपत्राकडे, तिसरे तेवढे समीक्षेकडे येते. ही विभागणीच मुळात संशयास्पद आहे.

पहिल्या वाचनापासून आरंभ करावा. नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ बांध घालून पाणी अडवायचे, सह्याद्रीच्या पोटातून ते पश्चिमेकडे न्यायचे, सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात भिरा येथे सोडायचे आणि त्या पतनातून वीज निर्माण करायची, अशी टाटांची योजना होती. खोपोली (१९१५) आणि भिवपुरी (१९२२) यांच्या मालिकेतील ती तिसरी. भिऱ्याचे केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले. या योजनांचे समर्थन ज्या भाषेत केले गेले ती आज पुन्हा वाचण्यासारखी आहे. गिरण्यांच्या धुराड्यांनी काळवंडलेल्या मुंबईला कोळशावाचून शक्ती मिळणार होती. धूर नाही, राख नाही, आणि पाऊस तर दरवर्षी पडणारच. त्या काळी जलविद्युतेला जगभर ‘पांढरा कोळसा’ म्हणत. म्हणजे आजच्या परिभाषेत बोलायचे तर मुळशीचे धरण हाच एक निसर्गाधारित उपाय होता. स्वच्छ, अक्षय आणि शहराच्या प्रकृतीला हितकर असा. आजच्या मानकात ते कदाचित बसणार नाही, कारण २०२० च्या मानकाने स्थानिकांचा सहभाग आणि जैवविविधतेचा लाभ या अटी घातल्या आहेत. पण अटी नंतर आल्या. वाक्यरचना तीच राहिली.

या धरणाखाली पन्नासाहून अधिक गावे सापडली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रहाला आरंभ केला. विनायकराव भुस्कुटे यांनी गावोगाव फिरून तो उभा केला; पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी येथेच मिळाली. गांधींनी त्याच महिन्यात ‘यंग इंडिया’मध्ये टाटांना उद्देशून लिहिले. १९२४ पर्यंत लढा ओसरला, धरण झाले. राजेंद्र व्होरा यांनी मराठीत आणि पुढे इंग्रजीत (२००९) या लढ्याची जी मीमांसा केली, तिच्यातील एक सूत्र साहित्याच्या अभ्यासकाने विशेष ध्यानात घ्यावे असे आहे. मुळशी पेट्यातील बरीचशी जमीन पुण्यातील सावकारांकडे गहाण पडलेली किंवा त्यांच्याच मालकीची झालेली होती. कसणारा कुणबी वेगळा आणि कागदोपत्री धनी वेगळा. या धन्यांपैकी अनेकांना मोबदल्याची रक्कम गैरसोयीची नव्हती. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा कसणाऱ्यांची होती. ‘जमीन आणि दर’ ही बोलणी धन्यांची. एकाच भूभागाला दोन भाषा लागल्या होत्या, आणि त्या दोन्ही मराठीच होत्या.

कसणाऱ्यांच्या भाषेत ‘निसर्ग’ हा शब्दच नाही. तेथे खाचर आहे, वरकस आहे, माळ आहे, गायरान आहे, देवराई आहे. त्यात राब आहे. भाताचे बी पेरण्याआधी झाडांची टहाळे, पाला आणि शेण वाफ्यावर पसरून जाळण्याची ही रीत लक्षात घेतली म्हणजे रान आणि शेत अशी विभागणी येथे का टिकत नाही ते कळते. भाताच्या प्रत्येक वाफ्याला वरच्या उतारावरचे झाड लागते. वरकस जमिनीत नाचणी-वरई घ्यायची आणि पुढे काही वर्षे ती पडीक ठेवायची, हाही त्याच व्यवहाराचा भाग. भूसंपादनाच्या १८९४ च्या कायद्याला मात्र या शब्दांपैकी मोजता येईल तेवढेच हवे होते. खाचराला दर मिळतो, वरकसाला कमी मिळतो, टहाळाच्या हक्काला काहीच मिळत नाही. पाणलोटाच्या नकाशात तर हे सर्व शब्द पुसून एकच उरतो : उंची. महसुली मराठीत वस्ती उठलेल्या गावाला ‘बेचिराग’ म्हणतात. मुंबईच्या दिव्यांसाठी जी गावे उठली त्यांना हाच शब्द लागू व्हावा, यात कोणा कवीचा हात नाही. तो भाषेचा स्वतःचा उपरोध आहे.

आता प्रश्न असा की, एवढ्या मोठ्या घटनेचे मराठी वाङ्मयेतिहासात काय झाले? सेनापती बापट कवी होते, अरविंदांच्या ‘दिव्य जीवना’चे अनुवादक होते, वाङ्मयेतिहासात त्यांना जागा मिळते ती चरित्रनायक म्हणून. ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे यांनी मुळशी सत्याग्रहात तुरुंगवास सोसला, निबंधवाङ्मयाचा इतिहास त्यांच्या वक्रोक्तीची मीमांसा ‘काळ’ बंद पडण्यापाशी थांबवतो. जणू वक्रोक्ती ही वाङ्मयीन गोष्ट आणि मुळशी ही राजकीय. वस्तुतः परकीय सत्तेविरुद्ध जी वक्रोक्ती वर्षानुवर्षे परजली गेली, तिला येथे प्रथमच स्वकीय भांडवलाला सामोरे जावे लागले. शत्रू आपला असला, स्वदेशीचा पुरस्कर्ता असला, त्याच्या कारखान्याचा अभिमान वाटत असला, तर वक्रोक्तीचे काय होते, हा शैलीमीमांसेचा अस्सल प्रश्न आहे. तो विचारला गेला नाही.

दुसऱ्या बाजूने, मराठी नवकाव्याकडे पाहावे. मर्ढेकरांची ‘काही कविता’ १९४७ ची. तिच्यातील आणि पुढे नारायण सुर्व्यांच्या कवितेतील मुंबई ही यंत्राची, गिरणीची, विजेच्या दिव्याची नगरी आहे. समीक्षेने या नगरीचे वर्णन सातत्याने ‘निसर्गापासून तुटलेली’ असे केले. हे वर्णन कवींच्या जाणिवेपुरते खरे आहे. वस्तुस्थिती म्हणून ते उलटे आहे. या नगरीचा विजेचा दिवा मावळच्या पावसावर जळत होता. आषाढात मुळशीच्या डोंगरावर जे कोसळले, तेच वर्षभर परळच्या साच्यांतून फिरत राहिले. शिकागो शहर आणि त्याच्या भोवतीची गवताळ मैदाने यांचे नाते विल्यम क्रोनन यांनी १९९१ मध्ये असेच उलगडले होते. रेमंड विल्यम्स यांनी १९७३ मध्ये इंग्रजी काव्यातील ‘ग्राम’ आणि ‘नगर’ ही जोडी एकाच अर्थव्यवहाराची दोन मुखे आहेत हे दाखवले होते. मराठीत ही जोडी ‘ग्रामीण साहित्य’ आणि ‘महानगरी साहित्य’ अशा दोन प्रवाहांत, दोन संमेलनांत आणि दोन प्रश्नपत्रिकांत वाटली गेली. मग दिव्याची आणि धरणाची गाठ पडणार कशी?

तिसरे वाचन ललित गद्याचे. येथे सामग्री विपुल आहे, परंतु या लेखाच्या दृष्टीने एकच लेखक पुरेसा बोलका आहे : गो. नी. दांडेकर. मावळच्या डोंगराळ पट्ट्यावर त्यांच्याइतकी माया केलेला दुसरा कादंबरीकार नाही. ‘पवनाकाठचा धोंडी’ आणि ‘माचीवरला बुधा’ या दोन्ही कादंबऱ्यांचा प्रदेश मुळशीला लागूनच उत्तरेस आहे. बुधा मुंबई सोडून राजमाचीच्या परिसरात परततो आणि आपले म्हातारपण झाडे, पाखरे, जनावरे यांच्या सोबतीने घालवतो. कादंबरीतील निसर्ग पार्श्वभूमी नाही, तो जवळजवळ पात्र आहे, असे तिच्याविषयी नेहमी म्हटले जाते, आणि ते बरोबर आहे. बुधाला झाडाचा उपयोग नाही. बुधाला झाड आहे. ‘निसर्गाधारित उपाय’ या वाक्यरचनेच्या नेमके विरुद्ध टोक येथे गाठले गेले आहे.

याच लेखकाने भाक्रा-नांगल धरणावर ‘आम्ही भगीरथाचे पुत्र’ ही कादंबरी लिहिली. दांडेकरांच्या चाहत्यांनी तिला त्यांच्या भ्रमंतीचे आणखी एक फळ मानले, टीकाकारांनी प्रचारकी म्हणून बाजूला सारले. दोहोंनीही या दोन कादंबऱ्या एकाच लेखणीतून कशा उतरल्या हे कोडे मात्र सोडवले नाही. सोपे उत्तर काळाचे आहे : स्वातंत्र्यानंतरचे पहिले दशक, धरणे म्हणजे राष्ट्रबांधणी, लेखकही त्या भारलेपणातून सुटला नाही. हे उत्तर चूक नाही, अपुरे आहे. शीर्षकातील रूपक पाहावे. भगीरथाने गंगा आणली ती पितरांच्या उद्धारासाठी. म्हणजे पाणी खाली आणणे हे ऋणमोचन आहे, पुत्रकर्तव्य आहे. या पुराणकथेत ज्यांच्या वस्तीवरून गंगा वाहत गेली त्यांची नोंद नाही. जह्नू ऋषीची तेवढी आहे. गंगेच्या ओघात त्याचा यज्ञ वाहून गेला, रागावून त्याने ती पिऊन टाकली आणि विनवणी केल्यावरच सोडली. भगीरथाच्या कथेतला हा एकमेव बाधित पक्ष. मुळशीच्या सत्याग्रहींना पुराणात शोधायचेच असेल तर ते जह्नूच्या जागी सापडतील. भगीरथाचे पुत्र म्हणवून घेताच ती जागा नजरेआड होते.

आणि मग ‘माचीवरला बुधा’ पुन्हा वाचताना जाणवते की, बुधाची माचीही निर्मनुष्य होत होत शुद्ध झालेली आहे. तिच्यात झाड आहे, पण झाडाचे टहाळ तोडून राब भाजणारा हात मागे सरकला आहे. पाऊस आहे, पण त्या पावसावर ज्याचा हक्क सांगितला जातो ते पाणी नाही. जमिनीचा सात-बारा, सावकाराची वही, वनखात्याचा शिपाई यांपैकी कोणीही बुधाच्या एकांतात पुरेसे शिरत नाही. हा कादंबरीचा दोष म्हणून सांगायचा नाही. एकांत हाच तिचा विषय आहे आणि तो तिने अपूर्व निष्ठेने पेलला आहे. सांगायचे ते एवढेच की, माणसाच्या व्यवहारातून निथळून काढलेला निसर्ग आणि राष्ट्राच्या उपयोगाला लावलेला निसर्ग हे परस्परविरोधी नाहीत. दोन्ही एकाच गाळणीतून येतात. एका भांड्यात सौंदर्य राहते, दुसऱ्यात शक्ती. गाळणीत अडकतो तो कसणारा. म्हणूनच एका लेखकाला दोन्ही कादंबऱ्या तितक्याच प्रामाणिकपणे लिहिता आल्या. पुढे ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेचे पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या विरोधात मावळातील शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले आणि गोळीबारात तिघे मरण पावले. पवनाकाठ वाङ्मयातून ज्यांना ठाऊक होता, त्या वाचकांच्या मनातल्या पवनाकाठात या घटनेला शिरायला वाट नव्हती.

दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) या गाळणीला काही अंशी अपवाद ठरते. मुंबईत राहणाऱ्या विदुषीने बारा मराठी महिन्यांच्या क्रमाने केलेले हे निरीक्षण नगराच्या आतला निसर्ग पाहते, आणि लोकसाहित्याच्या व्यासंगामुळे झाडाबरोबर झाडाचे लोकजीवनातले नातेही त्यात येते. शहरी निसर्गाविषयी आज जे काही बोलले जाते त्याला मराठीत पूर्वज हवा असेल तर तो हा आहे. विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ (१९९१) दुसऱ्या दिशेने गाळणी फोडते. जांभळी गाव उठते, खैरमोडे गुरुजींची फरफट होते, आणि पुनर्वसनाच्या कचेरीची भाषा प्रथमच कादंबरीच्या भाषेत पूर्ण ताकदीने घुसते. साहित्य अकादमीचा १९९२ चा पुरस्कार तिला मिळाला, तो रास्तच. पण ‘झाडाझडती’तील संघर्ष विस्थापित आणि व्यवस्था यांच्यातला आहे, पाणी लाभक्षेत्राला जाते. मुळशीचे वैशिष्ट्य असे की तेथे लाभक्षेत्र दिसतच नाही. घाटाखाली, तारेतून, दिव्यात ते नाहीसे होते. अदृश्य लाभार्थ्याची कादंबरी लिहिणे अधिक कठीण.

लवासाकडे आता येता येईल. राज्य शासनाने १९९६ मध्ये गिरिस्थाने विकसित करण्याचे नियम केले. २००१ मध्ये मोसे खोऱ्यातील अठरा गावांचा परिसर गिरिस्थान म्हणून अधिसूचित झाला. वरसगाव धरणाच्या जलाशयाभोवती खासगी कंपनीचे नगर उभे राहू लागले. नाव एका अमेरिकी नामकरण-संस्थेने घडवले; त्याला कोणत्याही भाषेत अर्थ नाही. पहिल्या वसाहतीचे गाव दासवे, तिचा देखावा इटलीतील पोर्तोफिनोचा. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवले, नोव्हेंबर २०११ मध्ये अटींसह परवानगी दिली. ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. हा इतिहास वृत्तपत्रांनी सविस्तर मांडला आहे आणि त्यात बहुतेक सर्वांची सहानुभूती कुठे असावी हे आधीच ठरलेले आहे. त्यामुळेच या प्रकल्पाची सर्वांत विचारार्ह बाजू दुर्लक्षित राहिली. लवासाचा आराखडा करणाऱ्या एचओके या अमेरिकी वास्तुसंस्थेने जॅनिन बेन्यस यांच्या ‘जैव-अनुकरणा’च्या तत्त्वाचा आधार घेतला होता. येथले मूळचे आर्द्र पानझडी अरण्य पावसाचे काय करत होते? किती पाणी पानांवरच थोपवत, किती परत हवेत सोडत, किती मुरवत होते? नगरानेही तेवढेच करावे, अशी ती कल्पना. वडाच्या पानाचे टोक पाणी निथळवते, तसे छपराचे कौल असावे. मुंग्या आपल्या वारुळाभोवती पाणी वळवतात, तसे रस्त्याचे पाणी वळावे.

ही कल्पना हास्यास्पद नाही. काही महिन्यांत काही हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या उतारावर बांधकाम करायचे असेल तर वडाच्या पानाला विचारणे हे सिमेंटच्या कंपनीला विचारण्याहून केव्हाही बरे. शिवाय या आराखड्याने एक गोष्ट केली जी बुधाच्या माचीनेही केली नव्हती : निसर्गाला ‘कृती’ म्हणून वाचले. अरण्य काय आहे असे न विचारता अरण्य काय करते असे विचारले. साहित्यमीमांसेच्या भाषेत सांगायचे तर निसर्गाचे नामपद जाऊन तेथे क्रियापद आले. एवढ्यापुरती ही संहिता ललित निसर्गवर्णनांच्या पुढे गेलेली आहे, आणि हे मान्य केल्याशिवाय तिच्यावर केलेली टीका उथळ राहील.

तिची मर्यादा या क्रियापदाच्या कर्त्यात आहे. वडाचे पान निवडले गेले, मुंगी निवडली गेली. त्याच उतारावर पाणी अडवत, मुरवत, वळवत आलेली आणखी एक रचना तेथे होती. भातखाचरांचे बांध. पावसाळ्यात प्रत्येक खाचर हे एक छोटे तळे असते. वरच्या खाचरातले जादा पाणी खालच्यात उतरते, आणि नदीला पोहोचेपर्यंत त्याचा वेग मेलेला असतो. कातकरी, महादेव कोळी, धनगर आणि कुणबी यांच्या अनुभवात पावसाविषयी जे ज्ञान साठले होते, ते मुंगीच्या ज्ञानाहून अधिक जुळण्यासारखे होते. पण मुंगीकडून शिकले म्हणजे मुंगी हक्क सांगत नाही. मोबदला, वारसनोंद, कूळ, दावा यांपैकी काहीही वडाचे पान मागत नाही. जैव-अनुकरणाच्या संहितेत निसर्ग गुरू होतो तो याच अटीवर की तो गुरुदक्षिणा मागणार नाही. ‘जान किंवा जमीन’ म्हणणारा कुणबी या अर्थाने निसर्गात मोडत नाही. मोडला असता तर त्याच्या बांधाचेही अनुकरण झाले असते.

येथे देशीवादी भूमिकेचा मोह होणे स्वाभाविक आहे. परकीय नावाच्या, परकीय नमुन्याच्या नगरासमोर देवराई ठेवावी आणि म्हणावे की आपला निसर्गाधारित उपाय हा. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातील देवरायांचे जे सर्वेक्षण केले, त्याने या संस्थेचे पर्यावरणीय मोल निर्विवादपणे दाखवून दिले. अन्यत्र नष्ट झालेल्या वनस्पती तिथे टिकल्या, झऱ्यांचे उगम तिथे राखले गेले. मुळशी-मावळात अशा राया आजही आहेत. परंतु देवराई टिकली ती ‘शाश्वतते’च्या जाणिवेने नव्हे, देवाच्या धाकाने, गावकीच्या मानपानाने, गुरवाच्या वंशपरंपरेने आणि काही ठिकाणी विशिष्ट जातींना किंवा बायकांना आत येऊ न देण्याने. नेमाड्यांच्या देशीवादाने ‘देशी’चे मूल्य प्रस्थापित केले, पण देशीच्या पोटातील या उतरंडीचे काय करायचे हा प्रश्न दलित आणि स्त्रीवादी समीक्षेला विचारावा लागला. शहरातल्या मोकळ्या भूखंडावर दाट झाडे लावून त्याला ‘देवराई’ नाव देण्याची जी पद्धत अलीकडे पडली आहे, तीत देव नाही, धाक नाही, गावकी नाही. उतरंडही नाही, हे तिच्या बाजूने म्हणता येईल. पण मग ते नाव कशासाठी? उसन्या नावाने वृक्षारोपणाला वय येते. अर्थशून्य ‘लवासा’ आणि अर्थ निचरलेली ‘देवराई’ या दोन नामकरणांत वरकरणी दिसते तेवढे अंतर नाही. झाडे अर्थात लावावीतच.

पुणे शहरापुरते पाहिले तर ‘निसर्गाधारित’ या शब्दाची खरी कसोटी टेकड्यांवर लागते. टेकड्यांवरील जैवविविधता उद्यानाचे आरक्षण, वेताळ टेकडीवरील रस्त्याला झालेला विरोध, मुळा-मुठेच्या काठसुधारणेवरील वाद हे सगळे शहराच्या हद्दीतले संघर्ष आहेत, आणि त्यांत नागरिकांनी दाखवलेली चिकाटी खरी आहे. तथापि या चर्चेत ‘नदी’ म्हणजे संगमवाडीपासून खराडीपर्यंतचा काठ, असा संकोच झालेला आढळतो. मुळा जेथे उगम पावते तेथेच ती शंभर वर्षांपूर्वी अडवली गेली आणि तिचे वरचे पाणी पश्चिमेला गेले, ही गोष्ट नदीच्या पुनरुज्जीवनाच्या चित्रफितीत येत नाही. आली तर ती मागणी म्हणून येते : मुळशीचे पाणी आता कोकणात न सोडता पूर्वेकडे वळवावे, पुणे आणि पिंपरी-चिंचवडला द्यावे. ‘नैसर्गिक प्रवाह पुन्हा स्थापित करणे’ हे त्या मागणीचे एक समर्थन. भीमेच्या खोऱ्यातले पाणी भीमेलाच मिळावे यात न्याय आहे, आणि उजनीखालचा शेतकरी तो मागतो तेव्हा त्याला सुखवस्तू शहराच्या मागणीबरोबर एकाच पारड्यात घालता येत नाही.

पण ‘नैसर्गिक’ हा शब्द येथेही फसवा आहे. १९२७ पासून भिऱ्याच्या केंद्रातून सुटणारे पाणी कुंडलिका नदीत जाते. कोकणातल्या नद्या पावसाळा संपला की आटतात. कुंडलिका उन्हाळ्यातही वाहते, कारण ती मुळशीच्या पावसावर वाहते. तिच्या काठची सिंचनाची शेती, रोह्याकडची वस्ती आणि कारखाने, अलीकडे नौकाविहाराला येणारे पुण्या-मुंबईचे पर्यटक, हे सगळे त्या पाण्यावर आहेत. कुंडलिकेकाठी आज जन्मणाऱ्या मुलाच्या दृष्टीने बारमाही नदी हा निसर्ग आहे; त्याच्या आजोबांच्याही दृष्टीने होता. मुळेचे पाणी मुळेला परत दिले की ही नदी मार्गशीर्षात संपेल. कोणत्या खोऱ्याचा कोणता क्षण ‘मूळ’ धरायचा, हे पाण्याकडे पाहून ठरत नाही. ते कोणाच्या संहितेत ठरते आणि त्या संहितेत भिऱ्याच्या खालचा माणूस कोणत्या विभक्तीत येतो, हे पाहायला आता आरंभ व्हावा. कारण वळणाच्या योजनेचे कागद शहरांच्या कचेऱ्यांत आजही हलत आहेत, आणि त्यांची भाषा, १९२१ प्रमाणेच, मराठी आहे.